पुस्तकाच्या दुकानाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्यांनी ही म्हण रचली त्यांच्यावर दाद मागण्याची वेळ बहुधा कधी आली नसावी. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला ती पायरी चढावीच लागते. ते असो. आज आम्हाला दुसऱ्याच एका पायरीविषयी लिहावयाचे आहे. ती चढावयास वकील लागत नाही, तेथे तारीख पडत नाही, आणि तरीही आपल्यातील हजारो कुटुंबांनी ती आजवर चढलेली नाही. ती पायरी पुस्तकाच्या दुकानाची.

मुंबईत आपली माणसे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिली. गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत त्यांनी उभे आयुष्य काढले. या नगरीचे रस्ते त्यांनी बांधले आणि झाडलेही. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन ती चौपाटीवर जातात, राणीच्या बागेत जातात, अलीकडे मोठमोठ्या वातानुकूलित बाजारांतूनही फिरून येतात. परंतु ‘‘चला, आज पुस्तकाच्या दुकानात जाऊन येऊ,’’ असे म्हणून घराला कुलूप लावणारे कुटुंब किती ठिकाणी आढळेल? ज्या घरांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली, त्यांना हा प्रश्न आम्ही विशेष आग्रहाने विचारतो. घरातला देव्हारा आपण उतरविला, हे योग्यच केले. पण ती रिकामी झालेली जागा कशाने भरली? तेथे तसबीर आली, तसबिरीला हार आला, समोर उदबत्ती आली. पुस्तक आले काय?

भीतीचे खरे कारण

या उदासीनतेचे कारण दारिद्र्य आहे असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. जो मनुष्य मुलाच्या वाढदिवसाला हजार रुपये खर्च करतो, त्याला शंभर रुपयांचे पुस्तक परवडत नाही, असे मानता येत नाही. खरे कारण निराळे आहे. काचेचे दार, आत मंद उजेड, इंग्रजी बोलणारी माणसे, आणि गल्ल्यावर बसलेला चष्मेवाला गृहस्थ हे सारे पाहिले की आपला मनुष्य बाहेरच थबकतो. आपण आत गेलो तर काय मागावे? नाव चुकीचे उच्चारले तर? पुस्तक हातात घेतले आणि किंमत पाहून परत ठेवले तर कोणी काही बोलेल काय?

‘हात लावू नको’ हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी इतक्या वेळा ऐकले, की ते बोलणारा समोर नसला तरी ते ऐकू येते. कायद्याने अस्पृश्यता गेली. पण हात पुढे करण्यापूर्वी क्षणभर कचरण्याची सवय कायद्याने जात नाही. ती हात पुढे करूनच जाते. म्हणून ज्या दुकानात कोणीही यावे, फळीवरचे कोणतेही पुस्तक काढावे, दहा पाने उभ्याउभ्या वाचावीत, परत ठेवावे आणि काही न घेता निघून जावे, अशी मुभा असते, ते दुकान आमच्या दृष्टीने निव्वळ व्यापाराची जागा नव्हे. कोणाच्याही शिफारशीशिवाय, जात-गाव न सांगता, विद्येला हात लावता येतो अशी ती जागा आहे.

असे एक दुकान या शहरात सत्तर वर्षे चालले. टी. एन. शानभाग या गृहस्थांना विद्यार्थिदशेत एका प्रतिष्ठित पुस्तकालयात पुस्तके चाळल्याबद्दल बोलणी खावी लागली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. तो अपमान त्यांनी मनात ठेवला, आणि १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एक लहानसा स्टॉल मांडला. पुढे फोर्टात आलेले ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ ते हेच. किमतीवर सूट देणे आणि चाळणाऱ्याला चाळू देणे, ही त्यांची दोन तत्त्वे होती. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई सभागृहात त्यांची वार्षिक विक्री भरे, तेव्हा साहेब आणि कारकून एकाच ढिगात पुस्तके शोधीत उभे असत. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली. २००९ साली ते गेले. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ते दुकानही बंद झाले. बंद होण्याची वार्ता कळताच लोकांनी तेथे गर्दी केली. ती गर्दी आधीच्या दहा वर्षांत होत राहिली असती, तर कदाचित ती वार्ता आलीच नसती. मेल्यावर खांदा द्यावयास आपला समाज नेहमीच तत्पर असतो!

बाबासाहेब ग्राहक होते

बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी आपण भाषणे ऐकतो. पण त्या ग्रंथप्रेमाला एक अगदी व्यावहारिक बाजू होती, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती बाजू अशी की, बाबासाहेब पुस्तके विकत घेत. सुभेदार रामजींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे. तरी मुलाने पुस्तक मागितले की ते विवाहित मुलींकडे जात, त्यांच्याकडून उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकीत, आणि वेतन हाती आले की तो सोडवून परत करीत. भीमराव न्यूयॉर्कला गेले तेव्हा त्यांच्या हाती शिष्यवृत्तीचे मोजके पैसे होते. त्यातून पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले, असे चरित्रकार सांगतात. नवी कोरी पुस्तके घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून ते जुन्या बाजारात गेले. तेथे त्यांना कमीपणा वाटला नाही. त्या ग्रंथांपैकी कित्येक स्वदेशी पोहोचलेच नाहीत. १९१७ साली ते परतले तेव्हा त्यांचे सामान आणणारी बोटही महायुद्धात पाणतीराने बुडाली. तरी खरेदी थांबली नाही. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते माणसांइतकेच ग्रंथांना राहावयास जागा मिळावी म्हणून.

दुसरी गोष्ट. १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण लाहोरच्या मंडळाने होऊ दिले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतःच छापले. त्याच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ज्या भाषणाला सभागृह मिळाले नाही, त्याला पुस्तकाच्या रूपाने वाचक मिळाले. त्यांचे पुढचे काही मोठे ग्रंथ मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने काढले. ‘हू वेअर द शूद्राज?’ हा १९४६ चा ग्रंथ त्यांपैकीच. थॅकर हे प्रकाशकही होते आणि पुस्तकविक्रेतेही. व्यासपीठ नाकारता येते, वर्तमानपत्राचे स्तंभ बंद करता येतात. पण पुस्तक एकदा दुकानाच्या फळीवर लागले की ते कोणाच्या हाती पडेल हे कोणालाच ठरविता येत नाही. विचारस्वातंत्र्याचे रक्षण घटना करते हे खरे. पण त्या स्वातंत्र्याचा रोजचा व्यवहार पुस्तकविक्रेत्याच्या गल्ल्यावर चालतो.

कोठे जावे?

आता एखादा वाचक विचारील, ‘‘जावे तर कोठे?’’ म्हणून काही ठिकाणे सांगतो. ही जाहिरात नव्हे. आणि यादीही पूर्ण नव्हे.

पहिला मुक्काम हुतात्मा चौक. चर्चगेटपासून तेथपर्यंतचा पदपथ एके काळी पुस्तकांनी भरलेला असे. २००५ साली महापालिकेने हे विक्रेते उठविले. पुढे काही थोडे पुन्हा येऊन बसले. या विक्रेत्यांपैकी कित्येकांचे शिक्षण बेताचे असते. पण कोणते पुस्तक कोणाला लागते याची त्यांची माहिती एखाद्या ग्रंथपालाला लाजवील अशी असते. घरोघरची रद्दी, मोडलेली ग्रंथालये, गेलेल्या प्राध्यापकांचे संग्रह येथे येऊन पडतात. माटुंग्याला महेश्वरी उद्यानाच्या बाजूच्या पदपथावरही असाच जुना बाजार आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांची क्रमिक पुस्तके तेथे निम्म्या किमतीत मिळतात, आणि वर्ष संपल्यावर परतही घेतली जातात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पदपथावर चोरून छापलेल्या प्रतीही असतात. अक्षर पुसट, कागद पातळ, मधलीच पाने गायब, असे दिसले तर ती प्रत घेऊ नये. ज्याने लिहिले त्याच्या पोटावर तो पाय आहे.

त्याच चौकाजवळ सोमैया भवनात ‘किताबखाना’ हे दुकान २०११ साली सुरू झाले. जुनी इमारत, लाकडी फळ्या, बसावयास जागा, मुलांसाठी वेगळा कोपरा. आत पाऊल टाकावयास संकोच वाटावा असा त्याचा थाट आहे खरा. पण तेथे मराठी पुस्तकांनाही फळी आहे, आणि चाळणाऱ्याला कोणी उठवीत नाही. २०२० च्या डिसेंबरात तेथे आग लागली. काही पुस्तके जळाली, उरलेली पाण्याने गेली. टाळेबंदीने आधीच कंबरडे मोडले होते. तरी तीन-चार महिन्यांत, २०२१ च्या मार्चमध्ये, ते दुकान पुन्हा उघडले. आपल्या मुलांनी मुद्दाम अशाच दुकानात जावे, असे आम्ही म्हणतो. थाटाची भीती थाटाच्या जागी जाऊनच मोडते.

फोर्टातच ‘पीपल्स बुक हाउस’ आहे. ते लोकवाङ्मय गृहाचे. आणि लोकवाङ्मय गृहाचे ठाणे प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात. ही मंडळी साम्यवादी विचारांची. बाबासाहेबांचे आणि साम्यवाद्यांचे मतभेद किती खोल होते हे आपणास ठाऊक आहे. पण मतभेद असलेल्याचे दुकान टाळावे, ही शिकवण आपली नव्हे. गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका याच प्रकाशनाची. पानसऱ्यांवर २०१५ साली कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात ते गेले. ती लहानशी पुस्तिका मात्र आजही वाचली जाते. पुस्तकाचे बळ ज्यांना कळत नाही अशी माणसे या देशात पुष्कळ आहेत. पण ज्यांना ते नको इतके कळते अशीही काही आहेत, हे विसरू नये.

मराठी पुस्तकांसाठी दादरला यावे. स्थानकाच्या पश्चिमेस, छबिलदास शाळेच्या परिसरात ‘आयडियल’ आहे. जागा लहान, गर्दी मोठी, पण मागितलेले पुस्तक क्षणात काढून देणारी माणसे. येथे ‘ग्रंथाली’चे स्मरण करणे उचित होईल. १९७४ साली वाचकांची चळवळ म्हणून निघालेल्या या संस्थेने दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध केले. आपल्या वस्तीचे, आपल्या आईबापांचे जिणे छापील पानावर पाहून पांढरपेशा वाचक हादरला. ती पुस्तके कोण्या मोठ्या भांडवलदाराने काढली नव्हती. वाचकांनी आगाऊ पैसे भरावेत, आणि त्यांतून पुस्तके निघावीत, अशा रीतीने ती चळवळ वाढली.

सहा डिसेंबरचा बाजार

या साऱ्यांहून मोठे पुस्तकांचे दुकान वर्षातून एकदा शिवाजी पार्कात भरते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा मनुष्य रेल्वेच्या डब्यात दाटीवाटीने उभा राहून येतो, मैदानात उघड्यावर झोपतो, आणि परत जाताना पिशवीत पुस्तके घेऊन जातो. कोण्या तीर्थाहून लोक अंगारा आणतात, कोठून गंगाजल आणतात. आपला शेतमजूर पुस्तक नेतो. या दृश्याचा आम्हाला अभिमान वाटतो, आणि तो प्रत्येकाला वाटावा.

परंतु अभिमानाच्या भरात दोष झाकू नयेत. त्या बाजारात चांगल्या ग्रंथांच्या शेजारी कसलीही पत्रके, ऐकीव गोष्टींची पुस्तके, बाबासाहेबांच्या नावावर खपविलेली वाक्ये आणि मूळ ग्रंथाची मनमानी काटछाट केलेल्या आवृत्त्याही असतात. म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी पहिली दोन पाने उलटावीत. प्रकाशक कोण, साल कोणते, अनुवाद कोणाचा, मूळ ग्रंथ पूर्ण आहे की संक्षिप्त, हे पाहावे. ज्यावर यातले काहीच छापलेले नाही ते पुस्तक ठेवून द्यावे. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते पुस्तकालाही लागू आहे: ग्रंथात आहे म्हणूनच खरे, असे मानू नका.

आणखी एक दोष याहून मोठा. विकत आणलेले पुस्तक घरी गेल्यावर काय होते? कित्येक घरांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ कापडात गुंडाळून तसबिरीखाली ठेवलेला असतो. त्याला हळद-कुंकू नाही, एवढाच पोथीशी फरक! ज्या ग्रंथाची पाने कोपऱ्यात दुमडलेली नाहीत, ज्याच्या समासात पेन्सिलीची खूण नाही, तो ग्रंथ घरात आला असे आम्ही मानीत नाही. तो फक्त जागा अडवून बसला आहे.

आणि शासनाचे दुकान?

चर्नी रोडला शासकीय ग्रंथागार आहे. त्याच परिसरातल्या बागेत विद्यार्थी भीमराव वाचीत बसत आणि तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्यांच्यावर गेली, हे चरित्रात नमूद आहे. गुरुजींनी पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. एका मराठी पुस्तकाने केवढे बीज पेरले! त्याच चर्नी रोडच्या ग्रंथागारात बाबासाहेबांचे समग्र लेखन आणि भाषणे यांचे खंड मिळतात. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून राज्य शासनाने ते काढले, आणि किंमत सामान्य माणसाला परवडेल अशी ठेवली. हे उपकार नव्हेत, कर्तव्य होते. तरी ते केले, याबद्दल कृतज्ञता आहे. पण हे खंड मागावयास जावे आणि ‘संपले आहेत’ असे उत्तर घेऊन परतावे, हा अनुभव अनेकांचा आहे. छपाई रखडल्याची बातमी २०२१ साली वर्तमानपत्रात आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून तिची दखल घ्यावी लागली. घटनाकाराचे ग्रंथ छापले जावेत म्हणून न्यायालयाला बोलावे लागते! म्हणून म्हणतो, कोर्टाच्या पायरीला शहाण्यांनी नावे ठेवू नयेत. आणि म्हणूनच सारे काही शासनावर सोडून चालणार नाही, लहान स्वतंत्र दुकाने जगली पाहिजेत. एका खिडकीवर ‘संपले’ अशी पाटी लागली, तरी दुसऱ्या दारी पुस्तक मिळाले पाहिजे.

एका आक्षेपास उत्तर

‘‘हल्ली सारे काही दूरध्वनीवर घरबसल्या, आणि स्वस्तही मिळते, मग दुकानात जाऊन गाडीभाडे का खर्चावे?’’ असे आपली तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. छापील किमतीतून विक्रेत्याला साधारणपणे तीस-चाळीस टक्के सुटतात. त्यातूनच जागेचे भाडे, नोकरांचा पगार, वीज आणि न खपलेल्या मालाचा तोटा भागवावा लागतो. मोठ्या कंपन्या तोटा सोसूनही सूट देतात, कारण त्यांना बाजार काबीज करावयाचा असतो. लहान दुकानदाराला ते शक्य नाही. तुम्ही दुकानात पुस्तक चाळता आणि घरी जाऊन यंत्रावर मागविता. मग एक दिवस ते दुकान उठते आणि चाळावयाची जागाही राहत नाही. काळबादेवीचे शतकभर चाललेले ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ आज कोठे आहे? शिवाय यंत्र तुम्हाला तेच दाखविते जे तुम्ही मागितले, अथवा जे तुमच्यासारख्यांनी मागितले. जे पुस्तक जगात आहे हेच तुम्हाला ठाऊक नाही, ते तुम्ही मागणार कसे? ते फक्त फळीवर, शेजारच्या पुस्तकाला टेकून उभे असलेले भेटते.

जे खेड्यात आहेत, ज्यांना खरोखरीच दुसरा मार्ग नाही, त्यांनी खुशाल यंत्रावरून मागवावे. जे शहरात आहेत, त्यांना ही सबब नाही. आणि ग्रंथालय आहे म्हणून दुकान नको, असेही नाही. ग्रंथालयातले पुस्तक परत करावे लागते. घरातले पुस्तक नातवाला मिळते.

करावयाचे काय?

आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एक दिवस ठरवावा. फोर्टाचा परिसर रविवारी निम्मा बंद असतो, म्हणून शनिवार बरा. आईने, बापाने, मुलांनी, आणि विशेषतः मुलींनी, मिळून जावे. प्रत्येक मुलाच्या हाती पन्नास-शंभर रुपये द्यावेत आणि पुस्तक त्याचे त्याला निवडू द्यावे. ते चुकीचे निवडले तरी चालेल. निवडण्याची सवय चुका केल्याशिवाय लागत नाही. ज्या आजीला वाचता येत नाही तिलाही न्यावे. पुस्तकांच्या फळ्यांपुढे नातीला उभी पाहणे, हा तिचाही हक्क आहे. घरी आल्यावर त्या रात्री दहा पाने मोठ्याने वाचावीत. दूरदर्शन तेवढा वेळ बंद ठेवावा. लग्नात भांडी देण्याऐवजी पुस्तके द्यावीत, आणि देताना आत आपले नाव व तारीख लिहावी.

दुकानात गेल्यावर संकोच न करता विचारावे. एखाद्याने तुच्छतेने पाहिले, तर त्याच्या नजरेला नजर देऊन पुस्तकाची किंमत विचारावी, आणि सावकाश पाने उलटावीत. आपण तेथे भीक मागावयास गेलेलो नाही, आणि कोणाची कृपा घ्यावयासही गेलेलो नाही. आपल्या बापाने ज्यासाठी लेकीचा दागिना गहाण टाकावा, अशी वस्तू आपण स्वतःच्या कमाईने घ्यावयास गेलो आहोत. रिकाम्या झालेल्या देव्हाऱ्याच्या जागी एक फळी ठोकावी, आणि तिच्यावर पहिले पुस्तक या महिन्यातच आणून ठेवावे.